मदत हवी आहे: उपकेंद्रनिहाय अर्भकमृत्यूचा नकाशा दरवर्षी रंग बदलतो

मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचा आरोग्य उपकेंद्रनिहाय नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. नवजात शिशू स्थिरीकरण कक्ष कुठे वाढवावा, ते त्यावरून ठरवायचंय. अडचण लहान आकड्यांची. आदिवासी भागात उपकेंद्र ३,००० लोकसंख्येला; वर्षाला जन्म धरा ६०. एक मृत्यू वाढला की अर्भकमृत्यूदर हजारी १६-१७ ने उडी मारतो. ५ वर्षांचे जन्म-मृत्यू एकत्र करून एम्पिरिकल बेझ स्मूदिंग (लहान आकड्यांचे दर एकूण सरासरीकडे ओढून स्थिर करणं) पुरेल, की शेजारच्या उपकेंद्रांचं वजन धरणारं स्थानिक स्मूदिंग बरं? पण मेळघाटात सीमा लागून असली तरी मध्ये घाट असतो, त्यामुळे नुसत्या सीमेवरचा शेजार मला पटत नाही. गाडीच्या वेळेवरून शेजार ठरवून कुणी केलंय का? वेळ पावसाळ्यातली धरावी की उन्हाळ्यातली?

दुसरं, बाळंतपण माहेरी आणि मृत्यूची नोंद अमरावतीच्या रुग्णालयात, असं झालं तर तो आईच्या राहत्या गावाला जोडतोय. मात्र कामासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांतले मृत्यू सुटतात. आशाताईंच्या गृहभेटींच्या नोंदीत (३, ७, १४, २१, २८, ४२ वा दिवस) तिथे फक्त ‘स्थलांतरित’. हे कुठून मिळवता?

पहिल्या ७ दिवसांतले मृत्यू वेगळ्या थरात ठेवलेत, कक्षाचा निर्णय त्यांच्यावरच. ‘मृतजन्म’ म्हणून नोंदले गेलेले त्यात मिळवावेत का? जन्मल्यावर काही मिनिटांत गेलेलं बाळ बरेचदा तिकडेच जातं.