मदत हवी आहे: कन्हानच्या वाळूवरची रॉबर फ्लाय (शिकारी माशी), ओळख कुठवर नेता येईल?

मंडळी, नागपूरजवळ कामठीकडे कन्हान नदीच्या कोरड्या वाळूत एक राखाडी-रुपेरी माशी दिसते. लांबी सेंटीमीटरभर, कमीच. भर उन्हात वाळूवरच बसते, झुडपावर कधी दिसली नाही. चिलट उडालं की झेप घेऊन हवेतच धरते आणि पुन्हा वाळूवर उतरून शोषत बसते. डोळ्यांमध्ये खोलगट खाच, तोंडावर पांढऱ्या राठ केसांची मिशी. म्हणजे अ‍ॅसिलिडी, रॉबर फ्लायचं कुळ, नक्की.

आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायच्या संकेतस्थळावर) टाकली, पण कुळापुढे कोणी जाईना. वाळूच्या सवयीवरून मला याच कुळातली स्टिकोपोगॉन ही प्रजाती (जीनस) वाटते, पण नुसत्या सवयीवर नाव ठोकणं बरं नव्हे. अ‍ॅसिलिनी उपकुळात पंखाच्या पुढच्या कडेची मार्जिनल कोशिका (शिरांमधला कप्पा) बंद असते, स्टिकोपोगॉनमध्ये उघडी, एवढं वाचलंय. अडचण ही की बसलेली माशी पंख पाठीवर एकावर एक मिटून घेते, शिरा दिसतच नाहीत.

माझ्याकडे मोबाइल आणि क्लिपवाली मॅक्रो लेन्स, बस. मारून टाचणीला लावणार नाही. पारदर्शक डबीत थोडा वेळ ठेवून सोडता येईल. तर डबीत नेमके कोणत्या बाजूंचे फोटो घेऊ? आणि त्यावरून स्पीशीजपर्यंत (जीनसच्या खालच्या नेमक्या जातीपर्यंत) पोचता येईल, की त्यासाठी नराची जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागतात?