आंबवण्याचे भांडे: बरणी, बादली आणि काच

वर एका सदस्यांनी द्राक्षांच्या वाइनसाठी घरातली जुनी चिनी मातीची बरणी सुचवली आहे, त्याविषयी थोडी भर घालावीशी वाटते. वाइनचा पीएच साधारणपणे ३ ते ४ असतो. एवढ्या आम्लात, बरणीच्या झिलईत शिसे असेल किंवा झिलईला तडे गेलेले असतील, तर काही आठवड्यांत ते शिसे वाइनमध्ये उतरू शकते. झिलईची खात्री नसेल तर ती बरणी मुळीच वापरू नये. तांब्या-पितळेची भांडीही याच कारणासाठी टाळावीत.

माझ्या मते आंबवण्याच्या पहिल्या टप्प्याला खाद्यपदार्थांसाठी बनवलेली रुंद तोंडाची प्लास्टिकची बादली उत्तम, कारण फेस आणि साले वर येतात. मात्र ती तीन चतुर्थांशच भरावी. एक किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे अडीचशे लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे झाकण घट्ट लावलेली काचेची बाटली फुटून गंभीर इजा होऊ शकते. एअरलॉक (वायू बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) नसल्यास झाकणातून काढलेल्या नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवावे.

फेस ओसरल्यावर वाइन अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, जवळजवळ गळ्यापर्यंत भरावी, कारण आता वायू कमी निघतो आणि उरलेल्या हवेतील ऑक्सिजनमुळे तिचा व्हिनेगर होण्याचा धोका वाढतो. बिअरसाठी बादली वापरणाऱ्यांनी तारेची घासणी कटाक्षाने टाळावी. तिने प्लास्टिकवर पडलेल्या ओरखड्यांत दडलेले जंतू निर्जंतुकीकरणानंतरही टिकून राहतात.