नुसता आकडा वाढून भागत नाही

लांडग्यांची संख्या वाढली, आता संरक्षण काढायला हरकत नाही, असं एकांनी लिहिलंय. मला नुसती डोकी मोजणं पटत नाही. मेक्सिकन लांडग्याचंच बघा. आज आहेत ते सगळे अवघ्या ७ मूळ प्राण्यांचे वंशज. १९९८ पासून त्यांना ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत सोडताहेत, संख्या वाढलीही, पण रक्त तेच, जवळच्या नात्यातच वीण! म्हणून बंदिस्त जागेत जन्मलेली, चौदा दिवसांच्या आतली पिल्लं रानातल्या मादीच्या बिळात नेऊन ठेवतात. आधी तिच्या पिल्लांच्या अंगावर ती चोळतात, म्हणजे सगळ्यांचा वास एक होतो. मग ती सगळ्यांनाच पाजते. (युक्ती भन्नाट, पण हे किती वर्षं हातानं करत बसणार?)

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं आइल रॉयल बेट बघा. भोवतीचं पाणी पूर्वीसारखं गोठेना, बर्फावरून चालत नवे लांडगे येईनात, आपसातच वीण होत राहिली, आणि २०१८ मध्ये तिथे दोनच उरले. शेवटी बाहेरून आणावे लागले. तेव्हा लांडग्यांच्या संरक्षणाच्या योजनेत कळपांना एकमेकांकडे जायची वाट आधी हवी. आणि मेंढपाळाला भरपाई वेळेवर. ती रखडली आणि कोणी मेलेल्या मेंढीवर विष टाकलं, तर कागदावरचं संरक्षण काय चाटायचंय?