पिकअपला एअर सस्पेंशन किट घरीच बसवतोय, मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हवर अडलोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या पिकअपला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. हौद्यात जनरेटर आणि अवजारं भरून वर ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते, नाक वर जातं, रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातात आणि खड्ड्यात एक्सल चेसिसखालच्या धक्का झेलणाऱ्या रबरावर दाणकन आदळतो. पाट्यात एक पान वाढवा असं काहींनी सुचवलं, पण मग रिकामी गाडी उड्या मारते आणि माझी गाडी बराच वेळ रिकामीच फिरते. म्हणून पाटे तसेच ठेवून चेसिस आणि एक्सलच्या मध्ये बसणाऱ्या दोन एअरबॅगचं किट आणलं. कंप्रेसर नाही, टायरसारख्या व्हॉल्व्हमधून हवा भरायची. पुस्तिकेत दाब किमान ५ आणि कमाल १०० पीएसआय दिला आहे.

डावी बाजू बसवून झाली. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, चेसिस स्टँडवर घेतलं, एक्सल जॅकने हळूहळू खाली सोडला. जुनं रबर काढून तिथे वरचा ब्रॅकेट आला, खालचा यू-बोल्टने एक्सलवर. बॅग पिळलेली नाही, वरचा-खालचा ब्रॅकेट एका रेषेत आहे.

खरी अडचण ब्रेकची आहे. मागच्या एक्सलवरून एक कांडी चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाते. माल भरला की चेसिस खाली येतं, कांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. आता एअरबॅगने गाडी उचलून परत रिकाम्या उंचीवर आणली तर व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटणार ना? म्हणजे हौदा भरलेला आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे. पुस्तिकेत यावर एक ओळही नाही. एका गॅरेजमध्ये विचारलं तर "व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडून टाका" म्हणाले. ते मी करणार नाही. ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम झाली की गाडी गर्रकन फिरते, आणि माझ्या शेजारी घरची माणसं बसतात.

आणखी दोन शंका. उजवीकडे सायलेन्सरचा पाइप बॅगेच्या जवळून जातो, किती अंतर हवं? आणि दोन्ही बॅगा एका टी-जोडाने एकत्र कराव्यात की वेगळ्या ठेवाव्यात?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी रास्त आहे. किट बसवणारे बहुतेक जण इथे बघतच नाहीत.

कांडी लांब करून किंवा तिचा ब्रॅकेट हलवून प्रश्न सुटत नाही, उलटा होतो. उचललेल्या उंचीला जुळवून घेतलीत तर हवा सोडल्यावर रिकाम्या गाडीला व्हॉल्व्ह भरलेली समजेल आणि मागची चाकं लवकर जाम होतील. गाडी कायमची उंच केली असेल तेव्हा ती युक्ती चालते. तुमची उंची रोज बदलणार आहे.

त्यामुळे हवा जपून भरा. माल भरण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. माल भरल्यावर पूर्ण रिकाम्या उंचीपर्यंत उचलू नका. एक्सल आदळणं थांबेल आणि गाडी जवळपास समतल दिसेल इतपतच भरा. चेसिस थोडं बसलेलं राहिलं तर व्हॉल्व्हलाही काही प्रमाणात माल कळतो. काही प्रमाणातच, म्हणून नेहमीच्या मालासकट मागच्या ब्रेकचा दाब गेज लावून तपासून घ्या. हे काम मात्र ब्रेकच्या माणसाकडेच द्या. ते होईपर्यंत पूर्ण माल लादू नका.

काही नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतोच. एबीएससोबतचं (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटून देणारं इलेक्ट्रॉनिक तंत्र, चाकांच्या वेगावरून मागचा ब्रेक ठरवतं. तुमच्याकडे कांडी आहे म्हणजे हा त्रास आहे.

आणि एअरबॅगमुळे गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. एक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात. मागून गाडी बसत नाही म्हणून वजन कमी आहे असं वाटायला लागतं, तिथेच लोक जास्त भरतात.

प्रतिसाद २

हवेच्या नळ्या वेगळ्याच ठेवा. एकत्र केल्या की वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. शिवाय जनरेटर एका बाजूला असेल तर त्या बाजूला थोडी जास्त हवा भरता येते.

सायलेन्सरचं अंतर तुमच्या किटच्या पुस्तिकेत असेल तेच पाळा, आणि किटसोबत उष्णतारोधक पत्रा आला असेल तर लावाच. इतर सगळ्या भागांपासून बॅग फुगलेली असताना किमान १२-१३ मिमी मोकळी हवी. फुगल्यावर ती जाड होते, म्हणून रिकाम्या बॅगेवरून अंदाज करू नका. रबर कशाला तरी घासूनच फाटतं.

उजवीकडे एक्सलवरून ब्रेकची लोखंडी नळी आणि हँडब्रेकची केबल कुठून जाते ते यू-बोल्ट आवळण्याआधी बोट फिरवून बघा. ब्रॅकेटखाली नळी चेपली तर वरून दिसत नाही.

नळी पक्कडीने कापू नका, टोक चपटं होतं आणि तिथून हवा गळते. नव्या ब्लेडने काटकोनात कापा आणि फिटिंगमध्ये शेवटपर्यंत दाबा. मग हवा भरून साबणाचं पाणी लावा. फिटिंगच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे आले तरी नळी काढून टोक पुन्हा कापा. पहिल्या चोवीस तासांत दोन-चार पीएसआय उतरले तर चालतं, त्याहून जास्त उतरले तर गळती शोधा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उजवीकडे ब्रेकची नळी खरंच ब्रॅकेटच्या कडेला टेकत होती. तिची क्लिप सोडून नळी न वाकवता थोडी बाजूला घेतली, आता मधून बोट जातं. नळ्या वेगळ्या ठेवल्या. ब्रेकचा दाब तपासून घेईपर्यंत ट्रेलर जोडणार नाही.

एकच राहिलं: हेडलाइट रिकाम्या गाडीवर सेट करायचे की भरलेल्या?

प्रतिसाद २

आधी रिकाम्या गाडीवर, बॅगेत किमान हवा ठेवून. मग माल आणि हवा भरून भिंतीवर झोत बघा. वर गेला असेल तर हेडलाइटचा लेव्हलर (झोत वर-खाली करायचं बटण) खाली घ्या. आणि साधारण ८०० किलोमीटर चालल्यावर सगळे नटबोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, यू-बोल्ट आधी.