मदत हवी आहे: २०१६ पासूनचा आमचा क्लॅन टिकवायचा आहे

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहतो. २०१६ च्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागायचा होता तेव्हा, आम्ही गल्लीतल्या अकरा पोरांनी क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये क्लॅन, म्हणजे खेळणाऱ्यांचा गट, काढला. दुपारी उन्हात बाहेर पडायची सोय नसायची, एकाच कूलरसमोर सगळे फोन घेऊन बसायचो. आता कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, दोघं अक्कलकोट रोडला कारखान्यात पाळीवर. भेटायची जागा म्हणाल तर हा क्लॅनच उरलाय.

क्लॅनला ५० जणांची मर्यादा असते, आमच्यात ४१ जण आहेत. खरे खेळणारे बारा-तेरा. महिना सुरू झाला की वॉर लीगची, म्हणजे क्लॅन-क्लॅनमधल्या लढायांच्या स्पर्धेची, नोंदणी दोन दिवस असते आणि किमान १५ जण लागतात. मग मी एकेकाला फोन करून "नुसतं नाव राहू दे रे" म्हणत आकडा भरतो. लीगमध्ये माणशी रोज एकच अटॅक (हल्ला). तिघांनी मारला नाही की लढाई हातची जाते, आणि ज्यांनी जीव लावून मारला ते चिडतात. लीग संपल्यावर बक्षिसाची जादा बोनस मेडल कोणाला द्यायची यावरून पुन्हा रुसवेफुगवे, कारण ती क्लॅनच्या लीडरने किंवा त्याच्या मदतनीस को-लीडरनेच वाटायची असतात.

गेल्या महिन्यात मी रागाच्या भरात एकाला काढून टाकलं. पहिल्या अकरांतला तो. सहा महिने एक अटॅक नव्हता, पण चॅट रोज वाचायचा. त्यानंतर त्याचा फोन नाही. दर जानेवारीला सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, आम्ही बरोबर जायचो, म्हणून हे जास्तच लागलंय.

नियम कडक केले तर माणसं तुटतात, सैल सोडले तर खेळणारे दुसऱ्या क्लॅनमध्ये जातात. ज्यांनी इतकी वर्षं क्लॅन चालवलाय त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
दादा, आमचाही २०१७ पासूनचा आहे, या सगळ्यातून गेलोय. दुसरा क्लॅन काढा. खेळ थांबलेले जुने मित्र तिथे राहू देत, पहिल्यात फक्त लढणारे. तिथला माणूस परत खेळायला लागला की इकडे घ्यायचा. कोणी "काढला" असं होत नाही. गप्पांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोघांचा एकच ठेवा.

प्रोफाइलमध्ये वॉरसाठी हिरवी-लाल ढाल असते, हिरवी म्हणजे खेळणार, लाल म्हणजे नाही. जो लाल ठेवेल त्याला विचारायचंही नाही, हे एकदा ठरवून टाका. फोन करून हो म्हणवून घेतलेला माणूस अटॅक मारत नाही, हे तुम्हीच पाहिलंय. लीगबाहेरच्या साध्या वॉरला ५ जणही चालतात, बारा जणांत १०-१० ची वॉर लावा. मेडलचं म्हणाल तर ज्यांचे लीगच्या सात दिवसांचे सातही अटॅक झाले त्यांनाच, आणि हे लीग सुरू व्हायच्या आधी लिहून टाका.

प्रतिसाद २
पाळीवाल्यांसाठी वेळ पाहा. साध्या वॉरमध्ये तयारी २३ तास, लढाई २४ तास. रात्री दहाला समोरच्या क्लॅनचा शोध लावला आणि लगेच जोडी जमली तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊला लढाई उघडते, तिसऱ्या दिवशी नऊला संपते. दिवसपाळीवाला घरी आल्यावर मारेल, रातपाळीवाला झोपून उठल्यावर. आमच्याकडे पूर्वी भर दुपारी संपायची, निम्मे अटॅक तसेच राहायचे.
आणि सगळं एकट्याने करू नका. शोध लावायचं काम एका को-लीडरला द्या, मेडलची यादी दुसऱ्याला.

मूळ लेखक
मनापासून आभार. वेळेचं कधी सुचलंच नव्हतं, मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत शोध लावायचो! पाळीवरच्या दोघांपैकी एकाला आजच को-लीडर केलंय, यापुढे शोध तोच लावेल.

दुसरा क्लॅनही काढला. काढून टाकलेल्या मित्राला पहिलं आमंत्रण पाठवलं, पण नुसतं आमंत्रण पाठवून भागणार नाही. रविवारी त्याच्या घरी जातोय. सुरुवात कशी करावी, कोणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा.