मदत हवी आहे: पाळी गेल्यानंतर हार्मोन क्रीम सुरू करायची आहे

अबोली (गुहागर):
नणंदेसाठी विचारते आहे. वय ४९, शेवटची पाळी येऊन १४ महिने झाले, पिशवी काढलेली नाही. बीपीची गोळी चालू आहे, बीपी ताब्यात. त्रास दोन: दिवसरात्र अंगातून वाफा येतात, घामाने भिजून झोपमोड होते, आणि खाली कोरडेपणा, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखतं. डॉक्टरांनी एस्ट्रिऑलची (सौम्य इस्ट्रोजेन हार्मोनची) क्रीम लिहून दिली आहे. आतला कागद वाचून, कॅन्सर, गुठळ्या वगैरे, ती घाबरली आणि ट्यूब तशीच पडून आहे. त्याऐवजी ऑनलाइन मिळणारी 'नॅचरल हार्मोन बॅलन्स' क्रीम मागवू का म्हणते. काय करावं? लावायची पद्धतही सांगा.

सुरंगी:
ताई, ती ऑनलाइनवाली अजिबात मागवू नका. त्यातला 'वाइल्ड याम' म्हणजे आपल्या करांदे-कोनफळाच्या कुळातला कंद. त्यातल्या डायोसजेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन (पिशवीचं अस्तर ताब्यात ठेवणारं हार्मोन) बनवता येतं, पण कातडीवर चोळून शरीरात ते होत नाही. शिवाय काही क्रीममध्ये न सांगता खरं हार्मोन घातलेलं असू शकतं, म्हणजे मात्राच कळत नाही.

एस्ट्रिऑलची क्रीम वेगळी. तिचं काम फक्त त्या जागेपुरतं: कोरडेपणा, दुखणं, वरचेवर होणारा लघवीचा संसर्ग. रक्तात फारच थोडी उतरते, म्हणून तिच्यासोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. कागदावरचे इशारे मुख्यतः पूर्ण शरीरावर चालणाऱ्या हार्मोनवरून आले आहेत. २००२ चा जो अमेरिकन अभ्यास सगळ्यांना धडकी भरवतो, त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) यांच्या पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या आणि बायकांचं सरासरी वय ६३.

पण ह्या क्रीमने वाफा थांबणार नाहीत. महिनाभर लावून 'काही फरक नाही' म्हणत बऱ्याच जणी सोडतात ते ह्याच घोळामुळे.

लावायची पद्धत: ०.१ टक्क्याची क्रीम असेल तर १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध. सोबतची नळी ट्यूबवर घट्ट फिरवून बसवा, खुणेपर्यंत भरा (बहुधा अर्धा ग्रॅम), नळी काढून घ्या. रात्री झोपताना पाठीवर पडून, गुडघे दुमडून, नळी आत सरकवा आणि दांडा हळू दाबा. पहिले दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. वार ठरवून घ्यायचे, सोमवार-गुरुवार वगैरे. नळी कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात टाकली तर वाकते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नको. संबंधाच्या आधी लावू नका, आणि तेलकट क्रीमने कंडोम फाटू शकतो.

पहिले काही दिवस थोडी आग होते, कातडी पातळ झालेली असते म्हणून. पूर्ण फरक पडायला ८ ते १२ आठवडे लागतात.

माड:
एक भर. मेडिकलवाल्याने बदली ट्यूब दिली तर नाव वाचा. कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनच्या (वेगळ्या प्रकारच्या इस्ट्रोजेनच्या) क्रीममध्ये १ ग्रॅमला ०.६२५ मिलिग्रॅम औषध असतं, नळीवरच्या खुणाही वेगळ्या. एकीची नळी दुसरीला चालत नाही. आणि खाजेवर मिळणारी ती तीन-चार औषधांची मिश्र मलम तिथे लावू नका. त्यातल्या स्टेरॉइडने कातडी आणखी पातळ होते. दह्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटली तर ती बुरशी, दाखवून घ्या. पावसात अर्धवट वाळलेले आतले कपडे घातले की हे हमखास. लघवीची आधी तपासणी करा. जळजळ जंतूंमुळे असेल तर क्रीम एकटी पुरणार नाही.

अबोली:
मग वाफांसाठी काय?

सुरंगी:
त्यासाठी अंगाला लावायचं एस्ट्राडिओलचं (पूर्ण शरीरावर चालणाऱ्या इस्ट्रोजेनचं) जेल डॉक्टरांना विचारा. ६० च्या आत आणि पाळी गेल्याला १० वर्षं झाली नसताना सुरू करणं बरं. गोळीपेक्षा गुठळीचा धोका कमी, कारण ते यकृतातून न जाता थेट रक्तात उतरतं. ०.०६ टक्क्याच्या जेलमध्ये १.२५ ग्रॅमला ०.७५ मिलिग्रॅम औषध. दंडावर किंवा मांडीवर आतून पातळ पसरा, छातीवर कधीच नाही. आपल्याकडच्या घामात हे महत्त्वाचं: आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, पंख्याखाली. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे. तासभर पाणी नको. त्यात अल्कोहोल असतं, ओलं असताना चुलीपाशी किंवा देवाच्या समईपाशी जाऊ नका. हात धुतल्याशिवाय लहान मुलांना उचलू नका, आणि लावलेली जागा झाकून ठेवा.

पिशवी आहे, म्हणून जेलसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. वर्षभर पाळी नसेल तर बहुधा रोज रात्री १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. झोप येते, म्हणून रात्रीच. प्रोजेस्टेरॉनची क्रीम अस्तराला भरवशाचं संरक्षण देत नाही.

स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, लकवा, हार्टअटॅक, यकृताचा आजार, यापैकी काही होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आता १४ महिन्यांनंतर एक डाग जरी दिसला तरी क्रीम-जेल बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी.

माड:
जेलच्या आधी बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून घ्या. एफएसएच (पाळीशी संबंधित हार्मोनची रक्ततपासणी) किंवा लाळेची 'हार्मोन चाचणी' यावर पैसे घालवू नका. ४५ नंतर लक्षणं आणि पाळीच्या तारखा पुरतात. मॅमोग्राफीसाठी रत्नागिरी-चिपळूणला जायच्या आधी फोन करून मशीन चालू आहे का विचारा. जाताना जुने रिपोर्ट आणि बीपीच्या गोळीची पट्टी सोबत ठेवा.