शब्दचर्चा : ढालींची भिंत की फळी?

शाईपेन :
ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या कथेवरची एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणते आहे. हिच्यात जादू नाही. दगडातून तलवार उपसणं नाही, मर्लिनचे मंत्र नाहीत. रोमन फौजा निघून गेल्यानंतरचं ब्रिटन, चिखल, उपासमार आणि समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सनांशी लढाया. दर दोन पानांनी माणसं ढालीला ढाल भिडवून उभी राहतात. त्या रचनेला मी ‘ढालींची भिंत’ लिहिलं. हस्तलिखित सासरे वाचून देतात. त्यांनी प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं खोडून ‘फळी’ केलंय. मला फळी म्हटलं की ‘मधली फळी कोसळली’ आणि ‘दुसऱ्या फळीतले नेते’ एवढंच आठवतं. तुम्हाला काय दिसतं?

कोकणकडा :
सासरे बरोबर आहेत. फळी धरणं, फळी फोडणं हे लढाईतलेच शब्द. क्रिकेटच्या बातम्यांनी ते नंतर उचलले. ‘ढालींची भिंत’ वाचताना मागचं इंग्रजी ऐकू येतं.

वाटसरू :
मला दोन्ही पटत नाहीत, कारण अडचण मुळात ‘ढाल’ या शब्दाशी आहे. आमच्या जुन्या घरी माजघरात एक ढाल टांगलेली होती. कातड्याची, काळी, चकचकीत, जेवणाच्या ताटाहून जरा मोठी. वर पितळेची चार फुलं, मागे दोन कड्या आणि बोटांची हाडं ठेचू नयेत म्हणून बसवलेली छोटी गादी. तिनं एकट्यानं वार झेलायचा, सरकायचं, पुन्हा झेलायचं. असल्या ढालींची भिंत उभी राहत नाही, फटीच फटी राहतील. सॅक्सनांची ढाल लाकडी. हलक्या लाकडाच्या फळ्या जोडून केलेली, मधोमध भोक, त्यावर लोखंडी वाटी आणि वाटीच्या मागे एकच मूठ. ती शेजाऱ्याच्या ढालीवर चढवता येते. वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी ती वस्तू उभी करा, नाव मागून येईल.

जुनीवही :
वाटसरू, तुम्ही ‘फळ्या जोडून’ लिहिलंत तिथेच उत्तर आलं! जुन्या इंग्रजीत या रचनेला ‘बोर्डवेअल’ असा शब्द आहे. बोर्ड म्हणजे फळी, आणि त्यावरून ढाल. ९३७ सालच्या ब्रुनानबुर्गच्या लढाईवरच्या काव्यात सुरुवातीलाच ‘फळ्यांची भिंत फोडली’ असं म्हटलंय. आता आपल्याकडे या. संस्कृतात फलक म्हणजे फळी आणि फलक म्हणजे ढालसुद्धा. त्याच घरातला आपला फळा, आपली फळी. दोन भाषांत लाकडाच्या तुकड्यावरून ढाल आणि लढाईची रांग दोन्ही निघाल्या. माझ्या मते ‘फळी फोडली’ इथे अनुवाद करावाच लागत नाही, तो आयताच मिळतो.

निशिगंधा :
फलकापासून फळी हे ठीक, पण रांगेच्या अर्थाची फळी ढालीवरून आली याला आधार काय? लाकडी फळी सरळ असते म्हणून सरळ रांगेला फळी, इतकं साधंही असेल. शिवाय ९३७ म्हणजे आर्थरनंतर चारशे वर्षं, आणि शब्द त्याच्या शत्रूंचा, सॅक्सनांच्या भाषेतला. आर्थर ‘ब्रिटन’ होता, म्हणजे सॅक्सनांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांतला.

कार्डिफकर :
मी वेल्समध्ये राहते, म्हणून आर्थरच्या बाजूची एक गोष्ट. वेल्श वार्षिक नोंदींत ५१६ सालाखाली बेडनची, सॅक्सनांशी झालेली लढाई आहे. आर्थरनं तीन दिवस तीन रात्री ख्रिस्ताचा क्रूस ‘खांद्यांवर’ वाहिला आणि ब्रिटन लोक जिंकले, असं लॅटिनमध्ये लिहिलंय. पण वेल्शमध्ये खांदा म्हणजे ‘अस्गुइध’ आणि ढाल म्हणजे ‘अस्गुइद’. फरक शेवटच्या वर्णापुरता. लिहिणाऱ्यानं ढालीच्या जागी खांदा वाचला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे क्रूस ढालीवर रंगवलेला. लढता लढता तीन दिवस खांद्यावर लाकूड वाहणारा माणूस चमत्कारातला वाटतो. ढालीवर खूण रंगवलेला माणूस सैनिक वाटतो. शाईपेन, तुमची कादंबरी ज्या वाटेनं जातेय ती वाट या एका अक्षरातूनच जाते. म्हणून ‘ढाल’ हा शब्द सोडू नका.

शाईपेन :
हे वाचून अंगावर काटा आला. क्रूसाचा प्रसंग माझ्या नवव्या प्रकरणात आहे आणि मी तिथे ‘खांद्यावर’ तसंच ठेवलं होतं.
आणखी एक अडलंय. ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या नवव्या शतकातल्या ग्रंथात आर्थरला राजा म्हटलेलं नाही. तो ब्रिटनांच्या राजांबरोबर लढला, पण ‘दुक्स बेल्लोरुम’ तो होता, म्हणजे लढायांचा पुढारी. मी ‘सरनौबत’ लिहिलंय.

कोकणकडा :
सरनौबत वाचलं की मला नेताजी पालकर आणि प्रतापराव गुजर दिसतात. सेनापती लिहा.

निशिगंधा :
सेनापती एका राजाचा असतो. इथे अनेक राजे, आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

जुनीवही :
राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली, सरनौबताचा सेनापती झाला. तो निर्णय होऊन साडेतीनशे वर्षं झाली. आपण परत फारसीकडे का जायचं?

वाटसरू :
कारण नौबत ऐकू येते. सेनापतीत काहीच ऐकू येत नाही. फारसी म्हणून शब्द टाकायचा तर बखरी वाचणंच बंद करावं लागेल. ‘फौज’सुद्धा टाकणार का?

जुनीवही :
रुळलेलं टाका असं मी म्हणतच नाही. सहाव्या शतकातल्या ब्रिटनला मराठेशाहीचे कपडे चढवू नका, एवढंच म्हणणं आहे.

कोकणकडा :
कार्डिफकर, ढालीवरच्या खुणेवरून आठवलं. मराठीत ‘ढाल’ म्हणजे फौजेचं मोठं निशाणसुद्धा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात हा अर्थ दिलेला आहे. म्हणजे ‘क्रूस ढालीवर होता’ हे वाक्य मराठीत दोन्हीकडे लागू पडतं.

निशिगंधा :
निशाण वाहणारा हत्ती तो ढालगज! ढालगज भवानी त्यावरूनच आली. सगळ्यांच्या पुढे, कुणाला न भिता चालणारी. आमच्या आत्याला सगळे तसं म्हणायचे आणि मला ती शिवी वाटायची.

वाटसरू :
आमच्याकडे ती शिवीच आहे, निशिगंधा. तोंडाळ बाईला म्हणतात.

कार्डिफकर :
विदर्भातल्या माझ्या आजीच्या तोंडी तो कौतुकानं यायचा. ‘माही नात ढालगज हाय’ असं चारचौघींत सांगायची. बाकीच्या भागांत कसा वापरतात, कुणी सांगेल का?